पाव्हण्यांचा गोठा

मी, विजयमाला दत्तात्रय गवारे, वय एकाहत्तर, राहणार मिरजगाव, तालुका कर्जत, जिल्हा अहिल्यानगर (मी अजून नगरच म्हणते), हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. शंका असल्यास डॉ. माधुरी यांना विचारावे, त्यांची खाली सही आहे. कोणाचे दडपण नाही. पुतण्या बिभीषणने प्रयत्न केला होता, पण दडपण म्हणावे इतके ते त्याला जमले नाही.

यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात मी 'गोठा पाव्हण्यांना द्यावा' असे सांगितले होते. माझा गोठा सांभाळणारे डिल्लीराम साउद नेपाळातल्या अछामहून इथे येऊन अकरा वर्षे झाली, तरी सारे गाव त्यांना 'पाव्हणं' म्हणते. मीही म्हणते. लिहून घ्यायला बिभीषण बसला होता. पाव्हणे म्हणजे स्वतःचा जावई ओम, असे त्याने धरले आणि ओमचे नाव आडनावासकट घातले. ओमला धार काढायला गाईच्या कोणत्या बाजूला बसतात हेही ठाऊक नाही.

म्हणून आता नावानिशी लिहिते. सर्व गाई, कालवडी, धारेचे मशीन आणि कडबाकुट्टी डिल्लीराम व त्यांची पत्नी पवित्रा यांना द्यावी. गोठ्याची जागा परदेशी नागरिकाच्या नावे करणे अवघड, असे वकील सांगतात. ती बिभीषणच्या नावे होईल; गोठा व शेजारच्या दोन खोल्यांची वहिवाट मात्र या दोघांच्या हयातीपर्यंत त्यांचीच राहील.

बाहेरच्यांनी आमच्या पोरांची कामे घेतली, असे पारावर म्हणतात. बी.ए.ला माझे अर्थशास्त्र होते, तेव्हा उत्तर देणे भाग आहे. डिल्लीराम येण्याआधी मी या कामासाठी गावभर निरोप धाडला होता. एकच जण आला. "शेण काढाया बारावी केली व्हय, काकू?" म्हणाला आणि चहा पिऊन गेला. तो सध्या पुण्यात एका सोसायटीच्या गेटवर वॉचमन आहे. तिथले लोक त्याला काय म्हणून हाक मारतात, ते मी विचारलेले नाही. आमच्या शाळेचा पट घटून एक गुरुजी जाणार होते. ते राहिले, कारण बाहेरून आलेल्यांची मुले वर्गात बसली. हेच गुरुजी पारावर सर्वांत मोठ्याने बोलतात.

बायडाबाईचे गाऱ्हाणे मात्र खरे आहे. "टेम्पो भरून मानसं आनत्यात, मग आमचा रोज वाढायचा कसा?" असे ती मला बांधावर उभी राहून विचारून गेली. यावर माझ्या पुस्तकात उत्तर होते, ते तिच्या कामाचे नव्हते. तेव्हा माझ्या शेतात कांदा काढणीला आधी तिच्या टोळीला विचारावे व ती मागेल तो रोज द्यावा. ती जास्त मागेल. मागू द्यावा.

गाईंचे डिल्लीरामना सांगितले, तेव्हा त्यांनी वैरण टाकायचे थांबवले नाही. "आक्का, गाई नको मला. तुमी गेल्यावर हितं कोन ऱ्हाऊ देनार आमाला?"

प्रश्न बरोबर होता. वहिवाट कागदावर राहते आणि माणसाला पाणी तोडून, वीज तोडून उठवता येते. म्हणून पुढील अट घालते.

माझे शेत बिभीषणला मिळेल. पण डिल्लीराम आणि पवित्रा यांना त्याने किंवा त्याच्या माणसांनी गोठ्यातून उठवले, अथवा ते आपण होऊन जातील अशी सोय केली, तर ते शेत त्याच दिवसापासून त्याच्या थोरल्या बहिणीचे, पंकजाचे होईल. बापाच्या जमिनीचे बिभीषणने तिच्याकडून हक्कसोडपत्र लिहून घेतले आणि बदल्यात साडी दिली. साडीचा रंग गेला आहे, ती मी पाहिली आहे.

हे कलम मी पंकजाला फोनवर दोनदा वाचून दाखवले. ती म्हणाली, "काकू, गोठ्यावर लक्ष ठेवायला मी दर बाजारी येईन." बिभीषणलाही कळवले आहे. काल त्याने गोठ्याची गळकी टाकी स्वखर्चाने बदलून दिली.

लिहून देणार : विजयमाला द. गवारे (सही)

आमच्यासमक्ष सही केली :
१. डॉ. माधुरी शेळके (सही)
२. सहादू बाबुराव तनपुरे (सही)

मिरजगाव, ११ फेब्रुवारी २०२५