आक्काला आणायला कोण गेलं

१४ जुलै, सोम.
सुमनच्या तोंडून अजून एकच शब्द निघतो. "हा." पाणी पाहिजे तर हा, नको तरी हा. बायकोला अर्धांगाचा झटका येऊन तिसरा महिना. दुकानात दुरुस्तीला आलेली मोटार नुसती चालू केली की बेअरिंग गेलं का वाइंडिंग जळालं, ते मी आवाजावरून सांगतो. घरातल्या या "हा"चं मात्र काही उमगत नाही.
नागपंचमी जवळ आली. घरच्या ग्रुपवर टाकलं, सर्वांनी नक्की यावे. पटापटा जोडलेले हात आले. म्हटलं, झालं काम. बायका उगाच महिनाभर फोनला चिकटून असतात.

१८, शुक्र.
डोंगरकड्याहून भाच्याचा फोन. "मामा, आई पंचमीला येत न्हाई म्हणून राहिली."
काहून?
"तुमीच विचारा."
मागं आक्का हळूच बोलली, पण मला ऐकू आलंच. "मला मूळ कोण आलं? मोबाइलवर बोलवायला मी काय पाव्हणी हाव का?"
मूळ? आक्का दरसाल येतेच की. तिला आणायला कोण जायचं, कधी विचारलंच नाही.
सुमनला विचारलं. "हा."

२०, रवि.
सुनेकडून कळलं. सुमन स्वतः एसटीनं जायची, हिरव्या बांगड्या घेऊन. मी संध्याकाळी दुकानातून येई तर आक्का ओसरीवर बसलेली. मी म्हणे, "आलीस का?" बस.

२२, मंगळ.
दुकान बंद ठेवून डोंगरकडा. बांगड्या नेल्या, लहान पडल्या.
"बापू, सुमनला माझ्या हाताचं माप पाठ हाय." हसली. पण डबी माझ्याकडंच सरकवली.
तिचं घर रोडला लागून. दर वाक्यात एक हॉर्न. म्हणाली, "दरसाली सुमन तुझा निरोप आणायची. आक्का झोक्यावर बसल्याबिगर बापू पुरणाच्या दिंडाला हात लावत न्हाई म्हणून. त्या निरोपावर येत व्हते मी. औंदा काहून न्हाई धाडला?"
असा निरोप मी कधी धाडलाच नव्हता. एकदाही.
"गडबडीत राहिलं," म्हणालो.
"मग आता सांग की. समोरच हाईस."
दिवसभर गिऱ्हाइकांशी बोलणारा मी. सुमनचं वाक्य माझ्या तोंडात बसेना. "तेच ते," म्हणालो.
"बघते," म्हणाली. आक्काचं "बघते" मी लहानपणापासून ऐकतोय. म्हणजे नाही.

२४, गुरु.
सुमनला सगळं सांगितलं. माझ्या नावानं तू निरोप द्यायचीस?
"हा."
हट्ट्याला राहतो त्या माझ्या भावालाही? तुझ्या माहेरी? आणखी कोणाला काय काय सांगून ठेवलंय माझ्या नावानं?
"हा. हा."
उजवा गाल हलत नाही, म्हणून हसते का रडते ते कळत नाही. एवढी माणसं माझ्या नावावर धरून ठेवली हिनं. आता कोणाला काय म्हणायचं, सांगणारी तीच, आणि तिलाच...

२८, सोम.
लिंबाला झोका बांधला. दोर ओढून पाहिला. सून विचारते, "मामा, दिंडं किती करू?"
कर अंदाजानं, म्हणालो. अंदाज कशाचा?

२९, मंगळ. पंचमी.
चुलीवर आज तवा नाही, दिंडं वाफवलेली. सुनेनं ताट वाढलं. हात लागेना. खरंच लागेना.
दुपारी आक्काला फोन लावला. उचलला. मीच, "आक्का, मी अजून जेवलो न्हाई—" सुमननं डाव्या हातानं फोन ओढून घेतला.
"हा," फोनमध्ये. मग परत, "हा. हा."
"सुमन? अगं सुमन, तू बोलून राहिलीस का?"
मग नुसता श्वास. त्यामागं एसटीचा हॉर्न, अगदी जवळून. फोन कट.
घर रोडला लागून. निघाली म्हणावं, तर हॉर्न तिच्या घरातूनही असाच ऐकू येतो. परत लावला, लागत नाही.
दिंडं झाकून ठेवलीत. सुमन दाराकडं तोंड करून बसलीय. बाहेर गाडी वाजली की माझ्याकडं बघते, माझे कान तिखट म्हणून. मला काही सांगता येत नाही.