छताला पोट आलं नाही

प्रिय सूनबाई,

तुझ्या आईचं प्लास्टर उतरलं, त्या काठी धरून दारापर्यंत गेल्या, हे ऐकून जीव भांड्यात पडला. इकडे सगळं ठीक. तुझा नवरा रोज दूध उतू घालवतो आणि दोष शेगडीला देतो. फोनवर तू दर वेळी विचारतेस, "बाबा, छताचं काय झालं?" आणि मी "रंग होऊ दे, मग बघू" म्हणून टाळतो. रागावू नकोस. ही गोष्ट मला फोनवर उरकायची नव्हती.

शिक्षिकाबाईंची ती काळी गाडी गॅरेजात आली तेव्हा सगळ्यांनीच नाक मुरडलं होतं. पुढच्या काचेच्या वरच्या बाजूला छताचा पत्रा गंजून चाळण झालेला आणि नवं छत कुठे मिळेना. छत म्हणजे पातळ, सपाट, लांबरुंद. जोडताना जरा जास्त आच लागली की पत्रा फुगतो, आणि एकदा पोट आलं की ठोकून ठोकून माणूस म्हातारा होतो. पेंटर तर तुझ्या तोंडावर म्हणाला, "बाई जोडणार? मग खड्डे बुजवायला पुट्टीचं पोतंच मागवतो!"

तू गंजलेला भाग कापून काढलास. नव्या पत्र्याचा तुकडा कापलास आणि फटीत नख शिरेना इतका तो बसेपर्यंत कानशीने घासत राहिलीस. जोडाच्या मागे तांब्याची पट्टी लावलीस, आच तिने ओढून घ्यावी म्हणून. मग वेल्डिंगचा एक टाका या टोकाला, दुसरा पार त्या टोकाला, तिसरा मधे. टाका घातला की थांबायचीस, पत्रा निवला का ते तळव्याने बघायचीस, मगच पुढचा. आमचा मेकॅनिक म्हणाला, "ओला फडका मारा ना, वहिनी, लवकर निवेल." तू म्हणालीस, "घाईनं निववला तर आखडेल. त्याचा तो निवू दे." तुझा चहा निवून गेला, पण तू पत्रा निवायची वाट बघत बसलीस. जोड घासतानाही ग्राइंडर एका जागी टेकवला नाहीस, घासण्यानेही पत्रा तापतो म्हणून. हे सगळं मीच शिकवलं होतं, पण शिकवलेलं आणि अंगात मुरलेलं यात फरक असतो, पोरी. त्याच संध्याकाळी आई पडल्याचा फोन आला आणि रंगाआधीच्या अस्तराचा हातही न बघता तुला निघावं लागलं.

काल गाडीला पॉलिश झालं. पेंटरने ती लांब ट्यूबलाइटखाली लावली. काळा रंग काही लपवत नाही. पत्र्यात जरा जरी लाट असली तरी उजेडाची रेघ वाकडी दिसते. तो या बाजूने वाकला, त्या बाजूने वाकला, डोळे मिटून हात फिरवला. रेघ दोरीसारखी सरळ! शेवटी मलाच विचारतो, "जोड कुठंय?" मी म्हटलं, "तूच शोध की." सापडेना. स्वतःच्या मुलाच्या लग्नातही ज्याने कुणाचं कौतुक केलं नाही, तो म्हणाला, "वहिनी आल्या की कळवा. चहा माझ्याकडून."

शिक्षिकाबाई आल्या. छतावरून हात फिरवत बराच वेळ उभ्या राहिल्या. त्यांचे यजमान गेल्यापासून गाडी झाकूनच होती म्हणे. "कुणी केलं हे?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "माझ्या सुनेनं!" आवाज इतका चढला की समोरच्या टायरवाल्याने चाक सोडून मान वर केली.

आता खरं सांगतो. ते छत मी तुझी परीक्षा घ्यायला तुझ्यावर सोपवलं, असं सगळ्यांना वाटलं. परीक्षा कसली! मला जोडाची रेघच दिसेनाशी झालीय. डोळ्यांच्या डॉक्टरांनी वेल्डिंग कायमचं बंद करायला सांगितलंय. घरात कुणाला बोललो नाही, पहिलं तुलाच. गॅरेज तुझ्या हाती द्यावं असं माझ्या मनात आहे. गळ्यात मारत नाही, देऊ करतोय. तुझ्या माहेरी हे काम पटत नाही, ठाऊक आहे मला. तू नको म्हणालीस तरी तुझ्याबद्दलचा अभिमान तसूभर कमी व्हायचा नाही. सावकाश विचार कर. फक्त उत्तर मोठ्या अक्षरांत लिही. ते दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्यायचं नाहीय मला.

तुझेच, आणि कालपासून तुझे सासरे म्हणून ओळखले जाणारे,
बाबा