धुऱ्यावरची चिंच अन् प्रेरणाचं नेट

८ फेब्रुवारी, सकाळी ९.१०
ऐक, मानीबाई. हे ऐकणार तूच, अन् संध्याकाळपर्यंत विसरणार बी तूच. चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधणारी बाई तू. परवा चुलीवर दूध ठेवून शेजारी लग्नाची पत्रिका पाहायले गेली, दूध गेलं ऊतू, अन् पत्रिका कोणाची होती तेही ध्यानात नाही. म्हणून तुले, म्हणजे मलेच, सगळं पहिल्यापासून सांगून ठेवते.

तांडा आपला उमरखेडपासून नऊ किलोमीटर. पोरं दोन. मोठा किसनसिंग, लहाना राजकुमार. राजकुमारची बायको संगीता, अन् पोट्टी प्रेरणा. ती पुण्याच्या कंपनीत आहे, सध्या घरून काम करून राह्यली. हा फोन तिनंच दिला. माइक दाबायचा, बोलायचं, फोन लिहितो. तारीख-वेळ तोच टाकतो. मले अक्षर येत नाही, तर दुसरं बटण दाबलं की एक बाई वाचून दाखवते. बाई पुण्याकडची असावी. माझं बोलणं नाक मुरडून वाचते.

प्रेरणा म्हणे, दादी, तू दिवसभर बोलतेस ते माझ्या मीटिंगमधे ऐकू येते, आता फोनशीच बोल. बरं.

आजपासून निश्चय. पोरांच्या भांडणात मी मधात पडणार नाही. भांडण धुऱ्यावरच्या चिंचेचं. दोघांच्या वावरांच्या मधात ते झाड, पोरांच्या बापूनं लावलेलं. किसनसिंग म्हणे माझं, राजकुमार म्हणे माझं. दहा महिने झाले, शिव्यांखेरीज बोलणं बंद. एका अंगणात टिनाचे पत्रे उभे केले, मी राजकुमारच्या बाजूले राहते. मी शांत आहे.

८ फेब्रुवारी, सकाळी ११.३०
पत्र्यापाशी जाऊन किसनसिंगले एवढंच म्हटलं की राजकुमार तुले उगाच बोलत नाही. मधात पडली नाही. माहिती दिली.

९ फेब्रुवारी, दुपारी
प्रेरणाचं काम समजून घेतलं. बिझनेस सॉफ्टवेअर म्हणतात. मोठमोठ्या दुकानांचा माल. कोणत्या गोदामात किती पोती, कोणती गाडी कुठं अडकली, ते सगळं कम्प्युटर सांगते. म्हटलं, बाई, हे तर आपलंच काम! आपले लमाण बैलांच्या पाठीवर मीठ न्यायचे, धान्य आणायचे. शंभर गोण्या डोक्यात मोजायचे. प्रेरणा म्हणे, मग सर्वर डाउन नव्हता होत? म्हटलं, होत होता. बैल बसायचा.

सध्या तिले एक घोर लागला. एकच पोतं दोन गोदामांत दिसून राह्यलं. दोन्ही गोदामवाले म्हणतात आमचंच. मी म्हटलं, ज्या येड्यानं एक पोतं दोघांच्या नावावर चढवलं, त्याले आधी पकड. प्रेरणा माझ्याकडं जरा जास्तच वेळ पाहत राह्यली. हुशार माणसाकडं पाहतात लोक असं.

आता महत्त्वाचं. साहेबानं फेब्रुवारीपुरतीच घरून कामाची परवानगी दिली. सत्तावीस तारखेले नवं सॉफ्टवेअर चालू होणार. ते इथून नीट पार पडलं, तर पोट्टी कायमची घरूनच काम करू शकते. नाही तर पुणे. अन् नेटचा डबा किसनसिंगच्या भिंतीवर, त्याच्याच नावाचा. तार पत्र्यावरून इकडं आली. मोबाइलची रेंज तांड्यात फक्त पाण्याच्या टाकीवर.

मले काय. राह्यली तर राह्यली, गेली तर गेली. खाट तेवढी तिच्या टेबलाजवळ सरकवून घेतली. तिथं हवा चांगली येते. पंखा दुसऱ्या खोलीत आहे, पण तो विषय वेगळा.

१२ फेब्रुवारी, दुपारी १२.४०
साहेबाशी ओळख झाली.

झालं असं की मीटिंग चालू, अन् पत्र्याच्या दोन बाजूंनी दोघं भाऊ एकमेकांचं खानदान काढून राह्यले. खानदान एकच, हे दोघांच्याही ध्यानात नाही. साहेबानं विचारलं, मागं काय चाललं आहे? पोट्टी घाबरली. म्हणून मी कॅमेऱ्यापुढं आली अन् सांगतलं, साहेब, भिऊ नका, खून होत नाही, सख्खे भाऊ आहेत. तुमच्या घरी भांडणं होतात का? जेवले का तुम्ही?

बारा चौकोनांत बारा माणसं हसली. छाप पडली.

प्रेरणा म्हणे, दादी, मी माइक बंदच करून राह्यली होती, तू वेळच नाही दिला. नंतर साहेबाचा मेसेज आला म्हणे, घरी सगळं ठीक आहे ना, नाही तर पुण्यात येऊन काम कर. काळजीवाला माणूस आहे.

१५ फेब्रुवारी, संध्याकाळी
सेवालाल महाराजांची जयंती. नैवेद्याच्या भोगाले दोघं दोन टोकांले उभे. एकानं नारळ फोडला तर दुसऱ्यानं तोंड फिरवलं. तांड्याचा मुखिया लखीराम नाईक मले म्हणे, काकी, नसाब बसवू का? नसाब म्हणजे आपल्या तांड्याची पंचायत, मानीबाई. म्हटलं, काही गरज नाही. नसाब बसली की जुन्या माणसाले उभं करतात, जुनं-पुरानं विचारतात. जुनं कायले उकरायचं?

त्यापेक्षा गूळ. आपल्यात रीत आहे. ज्याची चूक, त्यानं गूळ पाठवायचा. दुसऱ्यानं तोंडात टाकला की भांडण संपलं. आता हे दोघं मेले तरी गूळ पाठवणार नाहीत. म्हणून मीच पाठवीन, दोघांच्याही नावानं. याले मधात पडणं म्हणत नाहीत. याले पोचवणं म्हणतात. माल पोचवणं आपल्या रक्तात आहे.

१९ फेब्रुवारी, सकाळी १०
पोचवला.

किसनसिंगनं खडा हातात घेतला, बराच वेळ पाह्यला. म्हणे, शेवटी कबूल केलं न त्यानं? डोळ्यांत पाणी. तोंडात टाकला. राजकुमारकडं गेली. तो म्हणे, मले माहीत होतं, दादाले समजीनच एक दिवस. त्यानंही खाल्ला.

संगीता तेवढी वाकड्यात शिरली. आपल्यात आईले याडी म्हणतात, सूनही मले तेच म्हणते. म्हणे, याडी, दोन घरचा गूळ, अन् रंग एकसारखा कसा? अन् तुमच्या डब्यातली भेली सकाळपासून अर्धी कशी? म्हटलं, मुंग्या लागल्या. म्हणे, मुंग्या सुरीनं कापतात का? शिकलेली सून केली ही चूक झाली.

२० फेब्रुवारी, दुपारी
घरात शांती. राजकुमार शिट्टी वाजवून राह्यला. किसनसिंगनं एक पत्रा काढला. नेट घोड्यासारखं धावते. पोट्टी कामात हसते. मनात म्हटलं, मानीबाई, पुण्याच्या साहेबानं तुले नोकरीवर ठेवावं.

२१ फेब्रुवारी, सकाळी ८.१५
दोघं भाऊ बांबू अन् पोती घेऊन निघाले. एक पुढच्या दारानं, एक मागच्या. कुठं ते समजलं नाही.

२१ फेब्रुवारी, सकाळी ९.३०
चिंचेखाली.

चिंच पिकली आहे न. दोघांलेही वाटलं, गूळ समोरच्यानं पाठवला, म्हणजे झाड आता माझं. किसनसिंग म्हणे, गूळ पाठवला अन् आता चिंचा झोडपतो? राजकुमार म्हणे, मी कायले पाठवीन, पाठवला तू! हा म्हणे तू, तो म्हणे तू. दोन्ही बांबू वर. खाली एकही चिंच पडली नाही, किसनसिंगचा चष्मा मात्र पडला.

गूळ कोणी आणून दिला, हे दोघांलेही एकदमच आठवलं. मी तेव्हा घरी होती. कंबर दुखत होती.

२१ फेब्रुवारी, दुपारी १
किसनसिंगनं नेटचा डबा भिंतीवरून काढला, ट्रंकेत ठेवला, अन् ट्रंकेवर बसला. जेवणही तिथंच मागवलं.

पोट्टीनं लॅपटॉप उचलला अन् पाण्याच्या टाकीकडं चालली.

२४ फेब्रुवारी, दुपारी
प्रेरणा टाकीच्या जिन्यावर, डोक्यावर ओढणी. रेंज येते, जाते. मी खाली टाकीले टेकून बसली आहे. हवा चांगली आहे इथं. उन्हाचं काही वाटत नाही.

किसनसिंगकडं गेली होती, पोट्टीसाठी तरी डबा लाव म्हणून. तो म्हणे, याडी, आधी एक सांग, झाड कोणाचं? म्हटलं, माझी आंघोळ व्हायची आहे.

२७ फेब्रुवारी, दुपारी ३
आज सॉफ्टवेअर चालू व्हायचं होतं. पोट्टी सकाळी सातपासून टाकीवर. साडेदहापर्यंत सगळं नीट. एकदा वरून ओरडली, दादी, पोतं सापडलं! ते दोन गोदामांतलं पोतं. एका गोदामवाल्याले कोणीतरी तोंडी हो म्हटलं होतं, दुसऱ्यालेही तोंडीच. मी वर पाह्यलंच नाही. मान अवघडते.

मग रेंज गेली. बावीस मिनिटं. पोट्टी जिन्यावर चढून, हात वर करून उभी, जसं आभाळाकडूनच नेट मागून राह्यली. तेवढ्यात पुण्यातल्या कोण्या पोरानं तिचं राह्यलेलं काम पुरं केलं. साहेब रागावले नाहीत. म्हणे, काम छान केलं, सोमवारपासून ऑफिसात ये, घरचं मिटलं की पाहू.

मी म्हटलं, साहेबाले फोन लावा, माझ्याशी बोलवा, बारा तारखेची ओळख आहे. कोणी लावला नाही.

२८ फेब्रुवारी, संध्याकाळी
नसाब बसली. मी नको म्हटलं होतं, पण माझ्या दोन्ही पोरांनीच मागितली. दहा महिन्यांत पहिल्यांदा दोघं एका गोष्टीवर एक झाले, हेही माझ्यामुळंच.

लखीराम नाईकानं विचारलं, झाड तुले कोणी दिलं? किसनसिंग म्हणे, याडीनं. बापूच्या तेराव्याले, पाहुणे गेल्यावर. राजकुमार म्हणे, मले बी याडीनंच. त्याच दिवशी, विहिरीपाशी.

सगळा तांडा माझ्याकडं पाहून राह्यला.

म्हटलं, त्या दिवशी दोघंही रडून राह्यले होते. रडत्या लेकराले आई काय नाही म्हणते? मोठा म्हणे बापूनं लावलेलं झाड मले पाहिजे, म्हटलं घे. लहानाही तेच म्हणे, म्हटलं घे. झाड एकच होतं हे मले माहीत नव्हतं असं नाही. पण चिंच उन्हाळ्यात पिकते, तोवर निघीन काही मार्ग, असं वाटलं.

मागून प्रेरणा म्हणे, सापडला येडा.

सगळे हसले. राजकुमार हसला, मग किसनसिंग हसला, मग दोघं एकमेकांकडं पाहून हसले. निकाल असा की चिंचा दोघांनी मिळून झोडपायच्या, अर्ध्या-अर्ध्या वाटायच्या. अन् चूक मानीबाईची, म्हणून तिनं दोघांले एका ताटात वाढायचं. वाढलं. दोघं एका ताटात जेवले अन् बोलत राह्यले. विषय मी.

म्हणजे योजना बरोबरच होती. जरा आडवळणानं आली.

१ मार्च, सकाळी ७.५०
पोट्टी गेली. होळी परवावर, तरी गेली. उमरखेडपर्यंत काकाच्या मोटारसायकलवर, मागून बाप बॅग घेऊन. किसनसिंगनं पहाटेच ट्रंक उघडली अन् नेटचा डबा लावला. आमच्या भिंतीवर लावला, प्रेरणाच्या टेबलाच्या बरोबर वर. चार हिरवे दिवे जळून राह्यले. टेबलावर काही नाही.

साहेब म्हणाले आहेत म्हणे, तीन महिन्यांनी पाहू. तीन महिने काय, कापूस पेरायच्या आत येते.

निश्चय. आज तिले फोन करणार नाही.

१ मार्च, सकाळी ९.४०
केला, नेटवरून. गाडी पुसदले होती. म्हणे, दादी, आताच तर निघाली मी. म्हटलं, चुकून लागला.

१ मार्च, दुपारी २
खाट अजून टेबलाजवळच आहे. हलवायले माणूस पाहिजे. हवा येत नाही इथं, कधी येतही नव्हती.

संगीता, तू हे चोरून ऐकतेस, मले माहीत आहे. तर ऐक. उद्याच्या पुण्याच्या गाडीनं डबा पाठव. ज्वारीच्या भाकरी नको, वाटेत वाळतात. जवसाची चटणी पाठव, वाळवलेली अंबाडी पाठव, अन् लसणाचा ठेचा. ठेच्यात मिरच्या अर्ध्याच टाक. तिले ठसका लागतो, अन् तिथं पाण्याचा गिलास पुढं करायले कोणी नाही.