बरगड्या, सात्या आणि साय

८ जुलै १९४६, सोमवार

मी भोजराज लक्ष्मण रहांगडाले, वय चौपन्न, मुंबईचा बी.कॉम., गोंदियातील लाखेच्या कारखान्यात मुख्य लेखनिक, आमच्या ज्ञातिसभेचा चिटणीस. ही वही एका पदार्थाकरिता उघडली आहे. तो मी कधी खाल्लेला नाही व खाण्याचा विचारही नाही.

कारण नमूद करतो. मुलगा गोवर्धन याने फेब्रुवारीत अँग्लो-इंडियन इंजिन-ड्रायव्हरची मुलगी आयरीन हिच्याशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. मी गेलो नाही. पुढे त्याची बदली बिलासपूरला झाली. तेथे क्वार्टर नाही, म्हणून तीन आठवड्यांपासून ती आमच्या मागच्या खोलीत राहते. पाचवा महिना आहे. ताट आत पाठवले जाते, निम्मे परत येते.

काल एका गार्डाच्या हाती खरगपूरहून तिच्या वडिलांचे पत्र आले. तिचे आई-वडील सप्टेंबरात विलायतेस कायमचे चालले आहेत. तूही चल, बाळंतपण तिकडेच होऊ दे. उत्तर महिनाअखेर हवे. तिने दारात उभी राहून मला पत्र वाचून दाखवले. नातवंड समुद्रापार जाणार, हे मला तेव्हा प्रथम कळले. निम्मे परत येणारे ताट आठवून विचारले, तुला खावेसे काय वाटते? तिला मी विचारलेला हा पहिला प्रश्न.

“मम्मी की चॉप्स, बाबूजी. फुटू और मलाईवाली. मिलेगी यहाँ?” असे म्हणून हसली.

९ जुलै

कृती लिहून घेतली. डुकराच्या बरगडीचे जाड, अखंड तुकडे. ते तुपात दोन्ही अंगांनी लाल करणे. त्याच भांड्यात कांदा, फुटू — म्हणजे आपल्या सात्या, पावसाळी अळंबी — चिमूटभर मैदा, थोडे पाणी, शेवटी मलाई.

“मलाई किती?”

“जितनी अच्छी लगे.”

हे माप नव्हे. तीन वेळा विचारले; तिसऱ्यांदा ती म्हणाली, “बाबूजी, आप मम्मी को भी पागल कर देते.”

गावठी डुक्कर आमच्या आवारात येणे शक्य नाही. रानडुक्कर मात्र आमच्यातले काही पुरुष शेतावर, उघड्यावर शिजवून खातात. तेवढी एक वाट मोकळी आहे. श्रावण २९ तारखेस लागतो. नंतर काहीच शक्य नाही.

१२ जुलै

बाजारात सात्या मिळाल्या. मांसाशिवाय फक्त रस्सा करून पाहिला. आवारात तीन दगडांची चूल मांडली. पत्नी धुरपता हिने स्वयंपाकघराची कढई दिली नाही, नवी आणवली. साय तिच्या शिंक्यावरच्या गाडग्यातून घेतली. दोन मिनिटांत सगळे फाटले. वर तूप, खाली चोथा, आणि आंबूस वास.

धुरपता ओट्यावरून पाहत होती. “ते लोण्याची साय होय. आठ दिसांची, इरजन लावलेली. ते फाटन नाई तं काय करन? हापिसात कलम धरता अन् इथं कढई.”

इतकी वर्षे त्या गाडग्यातले लोणी खातो आहे. साय रोज विरजणात साठते, हे मला ठाऊक नव्हते.

१३ जुलै

कामावर लक्ष नाही. एक पत्रक दोनदा लिहिले.

१५ जुलै

न तापवलेले दूध पसरट परातीत बारा तास ठेवून वरची साय काढली. चूल विझत आल्यावरच घातली. फाटली नाही. सव्वा वाटी हे माप निश्चित.

आयरीनने बोट बुडवून चाखले. “नमक कम.” एवढेच. तरी दिवसभर बरे वाटले. संध्याकाळी पुन्हा तीच अस्वस्थता: ती उत्तराबद्दल एक शब्द काढत नाही, आणि विचारण्याचा अधिकार मला आहे असे वाटत नाही.

१७ जुलै

तिरोड्यापर्यंत गाडीने, पुढे बैलबंडीने चोरखमारा गावी गेलो. बिसराम आमची धानाची जमीन कसतो. रोपांत रानडुकरे घुसतात म्हणून पावसाळ्यात त्याचा शिकारी मेळ हाका घालतो, म्हणजे डबे बडवून त्यांना उठवतो. मी म्हटले, पुढच्या शिकारीतल्या एका बाजूच्या बरगड्या अखंड हव्यात.

“नाई जमत जी,” तो म्हणाला. “सारं मांस तोडून मिसळते, मंग पानावर वाटे पडतेत. साऱ्यायले सारं थोडंथोडं. तुमी मालगुजाराचे लेक असान, पन डुकराले ते मालूम नाई.”

“मग मी काय करावे?”

“ऐतवारी हाकेले या. डबा वाजवा. एक वाटा तुमचा.”

२१ जुलै, रविवार

गेलो. चार तास चिखलात रॉकेलचा रिकामा डबा बडवला. माझा आवाज सर्वांत पुढे राहिला. कारण मी थांबायचे कोठे हे न कळल्याने थांबलोच नाही. अकरा जण आणि मी. सकाळी दहाला एक नर पडला.

बिसरामने कुऱ्हाड उचलली. बरगड्यांवर येताच मी त्याचा हात धरला. तो चिडला.

“कोनासाठी पायजे तुमाले?”

“ओळखीच्या एका बाईसाठी. आजारी आहे.”

“कोन बाई?”

सगळे पाहत होते. “माझी सून,” मी म्हणालो. “पाचवा महिना आहे.”

बिसरामने कुऱ्हाड खाली टेकवली. “मंग आधी काऊन नाई सांगतलं? आमच्या मेळात पोटातल्याचाबी वाटा पडते. अन् पोटुशी बाई मांगन ते द्या लागते, अखंड.” दुसरा एक जण म्हणाला, “पाटील उगाच डबा बडवून रायले होते जी.” सगळे हसले.

चार बरगड्या मीठ-हळद लावून पळसाच्या पानांत बांधून दिल्या. घराबाहेर मी तिला सून म्हटले, ते प्रथमच.

२२ जुलै

प्रत्येक तुकडा सव्वा इंच जाड. तुपात एका अंगाने सहा मिनिटे, दुसऱ्या अंगाने पाच; मग झाकून मंद आचेवर पाऊण तास, कारण रानडुक्कर चिवट. सात्या पाच वेळा धुतल्या. साय सव्वा वाटी. फाटली नाही. मीठ वाढवले. चारही तुकडे एका प्लेटमध्ये लावून मागच्या खोलीच्या उंबऱ्यावर ठेवले आणि बाजूला उभा राहिलो.

तिने वास घेतला, डोळे मिटले. मग सुरी हातात धरून म्हणाली, “और आप?”

मी म्हणालो, मी हे खात नाही.

“कल दाल थी. वह तो खाते हैं?”



“बाबूजी, इस घर में थाली रोज़ आती है. आदमी कोई नहीं आता.”

तिने सुरी ठेवली आणि प्लेट झाकली.

२३ जुलै

आयरीनने काल सायंकाळी आणि आज सकाळी आवारातल्या चुलीवर पदार्थ उकळून ठेवला. टाकला नाही, खाल्लाही नाही. मी ओट्यावरून खाली, खालून ओट्यावर करीत होतो.

धुरपता तांदूळ निवडत म्हणाली, “मले वाटलं, तुमी तिच्यासंग जेवान म्हून येवढा खटाटोप करून रायले. नाई तं कायले केला?”

“तू तरी कोठे जातेस तिच्याकडे?”

“तुमी घराचे मालक. तुमी उंबऱ्याबाहेर उभे, मंग मी कशी जाऊ? महिना झाला, वाट पाहून रायली मी.”

दुपारी दोघे आत गेलो. खुर्ची एकच, म्हणून तिघे खाली बसलो. धुरपताने फक्त भात घेतला. मी एक बरगडी खाल्ली. पुन्हा उकळल्याने सायीचा थोडा चोथा झाला होता; सात्या मऊ. सुरीने मांस नीट कापता येईना, तेव्हा आयरीन म्हणाली, “हाथ से खाइए, डैडी भी हाथ से खाते हैं.” तिने दोन खाल्ल्या. मग धुरपताच्या ताटातला भात मागून घेतला.

२४ जुलै

आयरीनने उत्तर लिहिले: बाळंतपण गोंदियाला, जहाजापूर्वी तुम्ही दोघे येथे येऊन जा.

ज्ञातिसभेच्या नियमांतले तिसरे कलम माझ्याच हातचे आहे: जातीबाहेरच्या घराशी अन्नव्यवहार करील, त्याचे नाव यादीतून कमी व्हावे. फेब्रुवारीत याच कलमाने मी गोवर्धनचे नाव कमी केले होते. आज त्याखालच्या ओळीत माझे कमी केले, आणि यादीची वही सभेकडे पाठवली.

भोजराज लक्ष्मण रहांगडाले
गोंदिया, २४ जुलै १९४६