बंद नांगराची रेघ

प्रिय धाकट्या,

तुझ्या बदलीचं वाचून बरं वाटलं. निदान आता तरी दोन वेळचं घरचं जेवशील. इथलं म्हणशील तर नांगर बंद करून दोन हंगाम झाले. तुमच्या खात्याने सांगितलं तसा पेंढा जाळत नाही, शेतातच पसरते. माती उलटायची नाही, त्यातच पेरायचं. माती मऊ झालीय, गांडुळं परत आलीत. योजना खोटी नाही रे, हे मी कुणालाही छातीठोकपणे सांगेन.

पण शेतात नांगराची रेघ उमटते. हसू नकोस. पहिली दिसली तेव्हा वाटलं, कुणीतरी खोडी काढली. चाकाची खूण नाही, पावलाचा ठसा नाही, माती मात्र ताजी उलटलेली. दुसऱ्या दिवशी तिच्या शेजारी दुसरी. तुमचा तपासनीस आला आणि चोरून नांगरता म्हणून मलाच दम देऊन गेला. परवा मी सकाळपासून शेताकडे तोंड करून खुर्ची टाकून बसले. भर दुपारी, लख्ख उन्हात, पेंढा आपोआप बाजूला झाला आणि माती उलटत गेली. आवाज अजिबात नाही, डिझेलचा वास तेवढा आला. मधे टिटवीची अंडी होती. रेघ तिथे वळली आणि हातभर जागा सोडून पुन्हा सरळ झाली.

असं कोण नांगरायचं, हे तुला सांगायला नको. नांगरकाकांच्या ट्रॅक्टरवर बसायला आपण दोघं किती भांडायचो! तीस वर्षं आपलं शेत त्यांनीच नांगरलं, त्यावरच त्यांचं घर चालायचं. स्वतःची जमीन म्हणावी तर अंगणाएवढीही नाही. नांगर थांबला आणि त्यांचं कामच गेलं. नांगर बंद केल्याबद्दल योजनेतून मिळते त्या मदतीच्या यादीत त्यांचं नाव नव्हतं. तुमच्या कचेरीत खेपा घालून दमले, आणि एक दिवस त्या बंद ट्रॅक्टरवर बसल्या बसल्याच गेले. काकू आता चार घरची धुणीभांडी करतात.

तू पत्रात यादी करणाऱ्यांना शिव्या घातल्यास, म्हणून हे पत्र लिहायला बसले. अर्जात एक रकाना होता: या जमिनीवर आणखी कुणाचं पोट आहे का? मदतीत वाटणी होईल म्हणून मी लिहिलं, कोणी नाही. आता काकूंचं नाव घाल, आपल्या वाट्यातलं त्यांना दे, आणि हे पत्र खुशाल साहेबांना दाखव. रेघेची भीती वाटते, पण त्याहून लाज वाटते रे. अर्ज भरताना काका माझ्या शेजारीच बसले होते. त्यांना वाचता येत नव्हतं. काय लिहिलंस पोरी, म्हणून त्यांनी विचारलं, आणि मी सांगितलं, तुमचंच नाव. त्याच भरवशावर ते कचेरीत जात राहिले.

तुझीच,
ताई