सान फ्रान्सिस्कोची मान

टूसॉन,
२१ सप्टेंबर १९८३

ती. ओतिलियाताईस,
अन्सेल्मोचा सा. न. वि. वि.

आम्ही रविवारी दुपारी सुखरूप घरी पोचलो. तू बांधून दिलेल्या तोर्तिया, त्या तुझ्या मऊ पोळ्या, नोगालेसच्या सरहद्दीच्या नाक्यापर्यंतही टिकल्या नाहीत. मारिसेलानं मागच्या सीटवर बसून एकटीनंच बहुतेक संपवल्या. नोएमी म्हणते, आत्याच्या हातचं मिळालं की पोरीला बरोबर भूक लागते. बिही फळाच्या वड्या मात्र नोएमीनं लपवून ठेवल्यात आणि त्या माझ्यापासूनच लपवल्यात, हे मला पक्कं ठाऊक आहे.

आता पत्राचं खरं कारण. सोळा तारखेला स्वातंत्र्यदिनाच्या सुट्टीच्या गर्दीत आपण सगळे गावच्या मिशनच्या चर्चमध्ये गेलो, आणि तू दारातच मेणबत्त्या विकणाऱ्या बाईशी बोलत थांबलीस. मी सान फ्रान्सिस्को संताच्या चौथऱ्यापाशी गेलो, मानेखाली हात घातला आणि उचलायला गेलो. ताई, मान हलली नाही. पुन्हा जोर लावला, तरी नाही. निजलेली लाकडी मूर्ती ती, दरवर्षी म्हाताऱ्याकोताऱ्यांनाही तिची मान उचलता येते. ज्याच्या मनात खोट असते त्यालाच ती उचलता येत नाही, हे आईनं आपल्याला लहानपणापासून सांगितलंय. मागे रांग होती. मी वाकून कपाळाला ओठ टेकवले, उचलल्यासारखं केलं आणि बाजूला झालो. मारिसेलानं विचारलं की उचलली का, तर मी हो म्हणालो. चर्चमध्ये, त्याच्या उशाशी उभं राहून, पोटच्या पोरीशी खोटं बोललो.

मान का उचलली गेली नाही ते मला माहीत आहे. पोर जन्मली आणि डॉक्टरांनी हृदयाला भोक आहे म्हणून सांगितलं, तेव्हा मी नवस बोललो होतो की ती चर्चमधल्या पहिल्या कम्युनियनच्या विधीपर्यंत जगली, तर सरहद्दीपासून मिशनपर्यंत चालत येईन. कम्युनियन होऊन तीन वर्षं झाली. दरवर्षी कामाचं निमित्त सांगितलं. आणि यंदा आलो तो थंडगार मोटारीतून, गळ्यात कॅमेरा अडकवून, मजा बघायला आल्यासारखा.

१४ ऑक्टोबरला तिचं ऑपरेशन ठरलंय. पाच तारखेच्या आत हॉस्पिटलला कळवायचं आहे. डॉक्टर म्हणतात आता थांबण्यात अर्थ नाही, जिना चढून आली तरी पोरीला धाप लागते. पण मी नकार कळवणार आहे. ज्याच्याकडे पोर मागितली त्यानंच तोंड फिरवलं, आता कुणाच्या भरवशावर तिला त्या टेबलावर निजवू? नोएमीला अजून बोललो नाही. फार भीती वाटते, ताई. तूच काय ते सांग.

तुझ्या मायेवरच सगळं चाललंय, ती कमी करू नकोस.

तुझा,
अन्सेल्मो


ला सिएनेगा,
३० सप्टेंबर १९८३

चि. अन्सेल्मोस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र काल मिळालं. वाचून फार राग आला. पोरीच्या ऑपरेशनचं बायकोला न विचारता ठरवणारा तू कोण? आधी नोएमीला सांग. नवस चुकलास तो तू चुकलास. पाय तुझे अजून धड आहेत, चालायला लाग. त्यासाठी पोरीला का टांगून ठेवायचं?

मलाही एक कबूल करायचंय. यंदा मी स्वतः मान उचलून पाहिलेलीच नाही. चार ऑक्टोबरच्या त्याच्या सणाचा नवा झगा मी सप्टेंबरच्या दहा तारखेलाच मूर्तीला चढवला, पण गुडघे इतके ठणकत होते की म्हटलं, उचलायचं सणाच्या दिवशी बघू. चाळीस वर्षं त्याचे कपडे शिवते, त्यामुळे तो घरचाच झालाय, आणि घरच्या माणसाला आपण रोज कुठे नमस्कार करतो.

गावात मात्र यंदा काहीतरी वेगळंच चाललंय. खाटीक त्रान्किलिनो अकरा वर्षांनी भावाच्या दारात गेला आणि जाताना चांगला मांसाचा तुकडा घेऊन गेला. शेजारची होविता, जिनं माझी टर्की आपली म्हणून शिजवून खाल्ली होती आणि वर मलाच वेड्यात काढलं होतं, ती रडत येऊन माफी मागून गेली. पाद्रीबाबा म्हणतात, पापांची कबुली द्यायला एवढी रांग त्यांनी ईस्टरच्या आधीही पाहिली नव्हती, बसून बसून त्यांची पाठ धरली. मी एकेकाला विचारलं की बाबांनो, सगळ्यांना एकदम झालं तरी काय, तर कुणी नजर वर करीत नाही.

तुझं पत्र वाचल्यापासून मला शंका येतेय. सोमवारी दुपारी चर्च बंद असतं, तेव्हा किल्ली घेऊन जाते आणि पाहते. तोवर हॉस्पिटलला एक अक्षर कळवशील तर माझी शपथ आहे. हे पत्र बसच्या ड्रायव्हरकडे देतेय, तो नोगालेसला पेटीत टाकील.

मारिसेलाला गालगुच्चा. तुम्हां तिघांत माझा जीव अडकलाय, हे विसरू नका.

तुझी,
ओतिलियाताई


(तार)

३ ऑक्टोबर १९८३
मान शिवलेली होती. संत रागावलेला नाही. ऑपरेशन करा. पत्र येतंय.
ओतिलिया


ला सिएनेगा,
३ ऑक्टोबर १९८३

चि. अन्सेल्मोस,
आशीर्वाद, आणि या वेळी थोडी माफीसुद्धा.

दुपारी गेले, दार आतून लावलं, मानेखाली हात घातला. हलेना. एकसष्ट वर्षांची सगळी पापं एका दमात आठवली, तुझ्या लग्नात नोएमीच्या आईच्या टोपीवरून मी जे बोलले होते तेसुद्धा. मग म्हटलं, निदान चष्मा तरी लावून बघू.

गेल्या वर्षी फोटो काढणाऱ्यांच्या ओढाताणीत झग्याची कॉलर सारखी घसरायची. म्हणून यंदा झगा अंगावर असतानाच मी मागून चार टाके घातले होते. दोरा खोगीर शिवायचा, मेण लावलेला. चष्मा त्या दिवशी घरी विसरला होता. सुई कॉलरमधून उशीत गेली आणि उशीतून खालच्या गादीत. अन्सेल्मो, मी सान फ्रान्सिस्कोला बिछान्याशी शिवून टाकलं होतं. टाके मात्र बारीक आणि एकसारखे होते, ते कुणालाही दाखवायची माझी तयारी आहे.

कातरीनं उसवले आणि पुन्हा हात घातला. पिसासारखी उचलली. मी तिथंच चौथऱ्याला टेकून बसले, आधी खूप हसले आणि मग खूप रडले. तुझं पत्र आलं नसतं तर काय झालं असतं, हे मनात येऊन रडले.

तसंच उठून पाद्रीबाबांकडे कबुलीला गेले. ऐकून ते हळूच म्हणाले की तेरा तारखेपासून त्यांना नीट जेवण जात नाही, कारण त्यांनीही उचलून पाहिली होती. गावाला सांगू का विचारलं, तर म्हणाले, इतक्यात नको, त्रान्किलिनोचा भाऊ रविवारी त्याच्याकडे जेवायला यायचाय, तेवढं होऊ दे. उद्या सण. सगळ्यांना मान उचलता येईल आणि जो तो स्वतःवर खूश होऊन घरी जाईल.

होकार कळवलास की उलट तार कर. तुझा नवस मात्र माझ्या कातरीनं सुटत नाही. तो चालूनच फेडायचाय.

नोएमीला तिच्या आईच्या टोपीबद्दल कळवू नकोस, आणि राग मनात न ठेवता लिहीत जा.

तुझी,
ओतिलियाताई


टूसॉन,
२३ ऑक्टोबर १९८३

ती. ओतिलियाआत्यास,
मारिसेलाचा सा. न. वि. वि.

पप्पा लिहायला बसले होते, पण मीच कागद ओढून घेतला. माझं ऑपरेशन छान झालं. पहिले दोन दिवस फार दुखलं, आता हसलं तरच दुखतं. छातीवर मधोमध लांब शिवण आहे. नर्स म्हणाली की इतके बारीक आणि एकसारखे टाके तिनं पाहिले नाहीत. मी तिला सांगितलं की तू माझ्या आत्याचे पाहिले नाहीस म्हणून.

तुला एक गोष्ट सांगायची आहे. आई-पप्पांनाही तार आल्यावरच कळली. त्या दिवशी पप्पा कॅमेऱ्यात फिल्म भरत होते, तेव्हा मी त्यांच्या आधी जाऊन सान फ्रान्सिस्कोची मान उचलून पाहिली. माझ्याच्यानंही उचलवली नाही. मला वाटलं, मी ऑपरेशनमध्ये मरणार आहे आणि तो मला आधीच सांगतोय. म्हणून मी पप्पांना विचारलं की तुम्ही उचलली का. ते हो म्हणाले, तेव्हा मला बरं वाटलं. निदान पप्पांना तो काही करणार नव्हता. मग गाडीत मी तोर्तिया खात बसले. भूक नव्हती. तोंड भरलेलं असलं की रडू येत नाही.

तुझी तार पहिल्या पत्राच्याही आधी आली. आईनं ती मोठ्यानं वाचली. पप्पा भिंतीला टेकून हसायला लागले, मी रडायला लागले, आणि आईला काही कळेचना. मग आम्ही दोघांनी तिला सगळं सांगितलं. ती पप्पांना खूप बोलली. पप्पांनी मान खाली घालून ऐकून घेतलं. शेवटी तिनं आम्हां दोघांनाही जवळ घेतलं आणि स्वतः हॉस्पिटलला फोन लावला.

पुढच्या सणाला पप्पा सरहद्दीपासून चालत येणार आहेत. त्यांनी बूट आत्ताच आणलेत आणि घरातल्या घरात घालून फिरतात. आई आणि मी मोटारीतून मागून येऊ. शेवटच्या पुलाशी मी उतरणार आणि त्यांच्याबरोबर चर्चपर्यंत चालणार. डॉक्टरांना विचारलंय, ते म्हणाले की पळत गेलीस तरी चालेल.

या वेळी पप्पा आणि मी मिळून उचलू. तू तेवढा चष्मा लावून झगा शीव. आणि मी येईपर्यंत माझ्यावरचा लोभ मात्र त्याच मेणाच्या दोऱ्यानं शिवून ठेव.

तुझी,
मारिसेला