चेष्टेचं नातं

१० जून
मंजूर! निवडणूक आयोगाने आमचं एआय मॉडेल घेतलं! निवडणूक होईपर्यंत बेम्बा आणि न्यांजा भाषांतल्या रेडिओवर जमातीजमातींत आग लावणारं बोलणं ते पकडणार. परदेशी मॉडेलांना आमच्या भाषा म्हणजे नुसता गोंगाट. हे आमच्याच बोलीत वाढलंय.

ऑफिसात शेजारच्या टेबलावरून जेरे ओरडला, "माकडखाऊंनी चक्क डोकं चालवलं!" मी म्हटलं, "तू गपचूप उंदीर भाज." तो न्गोनी, मी बेम्बा. दोन्ही जमातींत पूर्वापार चेष्टेचं नातं! शिव्या दिल्याशिवाय आमचं जेवण पचत नाही.

१४ जून
पहिला अहवाल आला. सगळ्यांत वर लाल खूण — चिपाटाच्या रेडिओवर मृत्यूच्या बातम्या वाचणाऱ्या न्गोनी न्झिमाबाई! एक बेम्बा मास्तर वारले, तर बाई म्हणाल्या, "बरं झालं, एक माकडखाऊ कमी झाला! पेटी कशाला, झाडाला लटकवा. उरलेलेही या, पुरायला मी बसलेच आहे!"

अहो, पण मयताला हेच तर करायचं असतं! न्गोनींनी येऊन मेलेल्याची टर उडवायची, रडणाऱ्यांना हसवायचं, खड्डाही त्यांनीच खणायचा. मास्तरांच्या बायकोने तर फोन करून बाईंचे आभार मानलेत.

मॉडेलला काय कळणार? पक्षपात नको म्हणून कोण बोललं, कोणाला बोललं ते सगळं मीच काढून टाकलं. बाहेरच्या पुस्तकांत तसंच शिकवतात. उरलं नुसतं वाक्य. नुसतं ते वाक्य ऐकलं तर माझ्याही अंगावर काटा येतो.

१५ जून
बाईंचा कार्यक्रम बंद. पोलिसांनी बोलावलंय त्यांना.

आयोगाच्या साहेबांना म्हटलं, "ही थट्टा आहे, तुम्हीही इथलेच ना!" तर म्हणतात, "मला कळतं हो. पण उद्या दंगल झाली तर मी काय 'थट्टा वाटली' असं सांगू? मॉडेल तुमचं, मॅडम." नुसता संताप संताप झाला.

१८ जून
साहेबांनीच तोडगा काढला — बोलणाऱ्याची जमात मॉडेलला सांगा. मग थट्टा ओळखता येईल, बाई सुटतील.

खरंय. काम अवघडही नाही. पण मग निवडणुकीच्या तोंडावर सरकारकडे प्रत्येक आवाजापुढे त्याची जमात लिहिलेली! आज थट्टा ओळखायला, उद्या कशाला?

जेरे म्हणाला, "बाई जातील आत. तू बस तत्त्वं कुरवाळत, ब्वेम्ब्या." ही चेष्टा नव्हती. लागलं मला.

१९ जून
कासामाला बाबांना फोन केला. खोकत खोकत म्हणाले, "पोरी, ज्याला नातंगोतं कळत नाही, त्याच्या हातात काठी दिलीसच कशाला?"

खोकल्याचं औषध घ्या, एवढं सांगून फोन ठेवला.

२१ जून
जमात घालणार नाही म्हणून कळवलं. मॉडेलच बंद करा, असंही लिहिलं. साहेब हसले. "दिलं ते दिलं, मॅडम."

२ जुलै
न्झिमाबाई माफी लिहून देऊन सुटल्या. रेडिओवर मात्र परत घेतलं नाही. आता दुसरंच कोणी वाचतं — नाव, गाव, मातीची वेळ. बास.

लोकांनी फोनवर रेकॉर्ड करून पाठवलेलंही आता मॉडेलला ऐकवणार म्हणे. आज बाजारात रोज माकडखाऊ म्हणणारी न्गोनी भाजीवाली मला चक्क "या ताई, बसा" म्हणाली. कसंसंच झालं.

२० जुलै
बाबा गेले.

२३ जुलै
जेरे एवढ्या लांब कासामाला आला. खड्डा त्यानेच खणला. मग पेटीपाशी उभा राहिला. माझा जीव कानांत गोळा झाला. त्याने भोवतालच्या हातांतले फोन पाहिले. हळूच म्हणाला, "ब्वेम्ब्याताई, तुमचे वडील फार थोर होते."

मी त्याची बाही धरली — "अरे, शिवी दे ना रे!"

त्याने बाही सोडवून घेतली आणि फावडं उचललं.